बागवान बाईंचं चौथं उत्तर

मी चौथी नापास. तिसरी पास असं पण म्हणता येतं, आणि दिल्लीत आल्यापासून वीस वर्षं मी तेच म्हणत होतो. पण बागवान बाई म्हणाल्या, "बबनराव, माणसाने जिथे अडलो तिथलं नाव सांगावं. जिथे पोचलो तिथलं काय, ते दिसतंच." तेव्हापासून मी चौथी नापास.

हे मी लिहीत नाहीये. मी फोनला बोलतोय, फोन लिहितोय. मुनिरक्यात माझ्या वरच्या खोलीत लातूरची एक पोरगी राहते, पीएचडी करते, ती नंतर चुका काढणार आहे. तिला सांगून ठेवलंय, चुका काढ पण मूर्खपणा राहू दे, तो माझा स्वतःचा आहे.

मी मूळचा माण तालुक्यातला. दिल्लीला आलो ते कोपर्निकस मार्गाच्या बाजूला एका गेस्ट हाऊसच्या किचनमध्ये. तिथे एका रात्री बारा नंबरचं जेवण मी एकवीस नंबरला दिलं. एकवीसवाले साहेब दोन जेवणं जेवले आणि काही बोलले नाहीत. बारावाले उपाशी झोपले आणि सकाळी खूप बोलले. मग एका ओळखीच्या साहेबांनी मला शाळेत चिकटवलं. मराठी लोकांनी काढलेली शाळा. आता पोरं सगळ्या मुलखाची, पण मराठी हा विषय आठवीपर्यंत अजून आहे. माझं काम घंटा, चाव्या, चहा, आणि प्रिन्सिपल मॅडम ओरडल्या की "जी मॅडम" म्हणणं.

तिथे बागवान बाई आल्या. मिरजेच्या. नवरा केंद्र सरकारात होता, रिटायर झाला, तरी दोघं दिल्लीतच राहिले. बुटक्या, कडक इस्त्रीची कॉटनची साडी आणि खाली स्पोर्ट्सचे बूट. थंडीत साडीवर दोन स्वेटर, त्यावर नवऱ्याचं हाफ जॅकेट. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. मोबाईल ठेवायच्या चष्म्याच्या घरात, आणि चष्मा कायम हरवलेला.

मराठी शिकवायच्या. पहिल्याच पालकसभेत एका आईने नाव ऐकून विचारलं, "मॅम, मराठी आप पढ़ाएँगी?"

बाई म्हणाल्या, "हो. तुम्हाला पण बसायचंय का? मागे एक बाक रिकामा आहे."

त्या आईचं आडनाव अगदी सदाशिव पेठेतलं. ती हसली, म्हणाली, "नहीं नहीं, घर पे तो हम बिल्कुल मराठीच बोलतो."

"ते ऐकू आलं," बाई म्हणाल्या. पण असं म्हणाल्या की त्या बाईला राग न येता पुन्हा हसू आलं. पुढे ती दर सभेला बाईंच्याच टेबलाशी बसायची.

तेव्हा आमच्याकडे नवा फळा आलेला. भिंतीएवढा टीव्हीच म्हणा. बोट लावलं की चित्र हलतं, बोटाने लिहिता येतं, पसरलेला पंजा फिरवला की पुसतं. कंपनीचा पोरगा आला, अर्ध्या तासात सगळं दाखवलं, "ईज़ी है सर" म्हणाला आणि गेला. परत कधी दिसला नाही. मग प्रिन्सिपल मॅडमनी फळ्याला मरून मखमलीचा अभ्रा शिवून घेतला आणि त्या खोलीची चावी माझ्या कमरेला दिली. पाहुणे आले की अभ्रा काढायचा, गेले की घालायचा. सहा महिने मी त्या फळ्याचे कपडे बदलत होतो.

बाई पहिल्यांदा त्या खोलीत आल्या, अभ्र्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "बबनराव, कधी गेले?"

"कोण?"

"हे. झाकून ठेवलंय ते."

मी इतका हसलो की कमरेच्या चाव्या वाजल्या. त्यांनी अभ्रा काढला, घडी केली आणि खुर्चीवर उशी म्हणून ठेवला, कारण त्यांची उंची टेबलाला पुरायची नाही. दुसऱ्या दिवसापासून सातवीचा मराठीचा तास तिथे.

पोरं फळ्यावर बोटं लावायची, कोणाच्या बोटाला पराठ्याचं तूप, कोणाच्या शाई. पुसणं माझ्याकडे. एकदा मधल्या सुट्टीत मी चांगलं ओलं फडकं घेऊन फळा चकाचक केला. फळा चालू आहे हे मला दिसलं होतं, पण मला वाटलं काचेच्या आतलं कसं पुसलं जाईल? टीव्ही पुसला म्हणून बातम्या जातात का? बाईंनी रात्री बसून केलेला अख्खा धडा, बाण, चित्रं, सगळं गेलं. फळा पांढरा आणि मी त्याहून पांढरा.

बाई आल्या, बघितलं. मी म्हणालो, "बाई, मी स्वच्छता केली."

"दिसतंय," म्हणाल्या. कोऱ्या फळ्यावर एक बोट फिरवून बघितलं. मग म्हणाल्या, "तसाही धडा जरा माझाच झाला होता. सगळं मीच सांगत होते. चला, आज पोरांना करू दे."

आणि त्या तासाला पोरांनीच फळ्यावर काय तो गोंधळ घातला. बाई एका कोपऱ्यात उभ्या राहून नुसतं विचारत होत्या. फळ्याबद्दल त्यांचं एक म्हणणं होतं, "हा हुशार आहे हो, पण ह्याला ऐकू येत नाही. ऐकायचं काम आपलंच."

त्यांच्या दोन गोष्टी मी दाराच्या काचेतून रोज बघायचो. एक म्हणजे, प्रश्न विचारला की हात पाठीमागे घ्यायच्या. पोरांना वाटायचं बाई आरामात उभ्या आहेत. मला मागून दिसायचं, अंगठा बोटांच्या पेरांवर फिरतोय. एक, दोन, तीन. दहापर्यंत मोजायच्या. दहा होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. बाकीचे मास्तर प्रश्न विचारतात आणि स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. बाईंना ते दहा आकडे किती जड जायचे ते त्यांच्या अंगठ्यावरून कळायचं.

दुसरं म्हणजे, वर्गात "सोपं आहे" म्हणायला बंदी. पोरांना पण, बाईंना पण. एकदा मी चहा देता देता बोललो, "सोपं तर आहे." बाईंनी चहा खाली ठेवला. "सोपं म्हटलं ना बबनराव, की ज्याला येत नाही तो तिथल्या तिथे मुका होतो. मग तो दहा वर्षं बोलत नाही." मी तर चाळीस वर्षं बोललो नव्हतो. म्हणजे बडबडलो भरपूर. पण येत नाही असं एकदाही बोललो नव्हतो. माझी सगळी जोकरगिरी त्यावरच उभी. कोणी कागद हातात दिला की मी जोक मारायचो, लोक हसायचे आणि कागद दुसऱ्याकडे जायचा.

मग त्यांनी ती कार्डं आणली. नवऱ्याच्या शर्टांच्या खोक्यातले पुठ्ठे चौकोनी कापले, त्यावर काळ्या ठिपक्यांची छापील चित्रं चिकटवली. प्रत्येक पोराला एक कार्ड, प्रत्येक कार्डाचं चित्र वेगळं. चारी बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. फळ्यावर प्रश्न येतो, चार उत्तरं येतात, जे वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं. बाई मोबाईल वर्गावरून फिरवायच्या, पाच सेकंदात फळ्यावर चार पट्ट्या उभ्या राहायच्या. किती जणांनी काय म्हटलं ते सगळ्यांना दिसायचं. कोणी काय म्हटलं ते फक्त बाईंच्या मोबाईलवर.

आणि बाईंच्या प्रत्येक प्रश्नाला चौथं उत्तर एकच. डी, मला कळलं नाही.

आता मराठीच्या तासाला येतात ती ही दिल्लीची मराठी पोरं. घरी आजी फोनवर ओरडते, "अरे मराठी येत नाही तुला?" शाळेत दुसरी पोरं म्हणतात, "तू तो मराठी है, बता ना." दोन्हीकडून मार. म्हणून ती कळल्यासारखी मान हलवायला शिकलेली. पहिला महिनाभर एकाही पोराने डी दाखवलं नाही. सगळे कुठलं तरी एक उत्तर ठोकून द्यायचे. डीची पट्टी जमिनीला चिकटलेली.

एका शुक्रवारी बाई म्हणाल्या, "आज तुम्ही प्रश्न काढा. कार्ड मी धरणार."

पोरांना काय, दिवाळीच. रिद्धी नावाची एक मुलगी होती, लांब वेणीची, कधी बोलायची नाही. बाप गुडगावला कंपनीत, मूळ पुण्याचे. तिने लिहून दिलेला प्रश्न मोबाईलवरच्या कुठल्या तरी खेळाबद्दल होता. बाईंनी वाचला, कार्ड फिरवलं. डी. दुसरा प्रश्न. डी. तिसरा क्रिकेटचा, तो आला. चौथा, पाचवा, डी, डी. फळ्यावर डीची एकुलती एक पट्टी, आणि बाई तिच्या शेजारी उभ्या, अगदी फोटो काढायला उभं राहावं तशा. पोरं किंचाळून हसत होती. "बाईंना काहीच नाही येत यार!"

"येत नाही," बाई म्हणाल्या. "आता सांगा. पहिल्यापासून. हळू सांगा, मी म्हातारी आहे."

तो तास पोरांनी शिकवला, आणि बाईंनी वहीत लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात डीची पट्टी वर आली. आधी दोन, मग सात. ज्या दिवशी तीसपैकी एकोणीस आले त्या दिवशी बाईंनी मला वर्गातून हाक मारली आणि पोरांसमोर म्हणाल्या, "बबनराव, एकोणीस!" जसा काही क्रिकेटचा स्कोर. डी आलं की त्यांचं ठरलेलं, आधी "छान" म्हणायचं, मग विचारायचं, "कुठपर्यंत कळलं?" कोणी म्हणायचं, पहिल्या ओळीपर्यंत. बाई म्हणायच्या, "मग चल, पहिल्या ओळीपासून."

माझा नंबर एकतीस. मी दारात उभा राहून पोरांच्या उत्तरांना हसायचो. एके दिवशी बाईंनी जादा कार्ड माझ्या हातात दिलं. "हसायचंय ना, मग आत बसून हसा." मी रिद्धीच्या शेजारी मागच्या बाकावर. मला फळ्यावरचं वाचायला वेळ लागायचा, अर्धी ओळ होते तोवर बाईंचा मोबाईल फिरायचा. मी हुशारी केली. रिद्धी कार्ड किती फिरवून धरते ते बघायचं, आपलंही तेवढंच फिरवून धरायचं. महिनाभर झक्कास चाललं, असं मला वाटलं.

मग चहाच्या वेळी बाई म्हणाल्या, "बबनराव, प्रत्येक कार्डावर अक्षरं वेगवेगळ्या बाजूंना असतात. रिद्धीचं ए वर आलं की तुमचं सी वर येतं. एकतीस नंबर महिनाभर एकही उत्तर बरोबर देत नाहीये. नुसतं डोळे मिटून फिरवलं असतं तरी चार-पाच आली असती."

अशी फजिती. कॉपी करून शून्य मिळवणारा अख्ख्या दिल्लीत मी एकटा असेन.

"बाई, वाचायला वेळ लागतो," मी म्हणालो. म्हणजे तोंडातून निघून गेलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"छान," बाई म्हणाल्या. "कुठपर्यंत होतं?"

बस, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून त्या फळ्यावरचा प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायला लागल्या, पूर्ण वर्गाला, सावकाश, जसं काही आधीपासून तसंच होतं. आणखी चार पोरांचे आकडे वर गेले, ती पोरं कोण ते बाई मला कधी बोलल्या नाहीत.

एका बाबतीत मात्र मी वर्गात पहिला. जुने शब्द. बाई अडल्या की मला विचारायच्या. कणगी, शिंकाळं, वैरण. पुस्तकात ते शब्द असतात, पण दिल्लीत ती वस्तूच नाही. मी उभा राहून हातवारे करून सांगायचो, म्हैस व्हायचो, म्हैस दोहणारा व्हायचो. पोरं टाळ्या वाजवायची. मला वाटायचं, चौथी नापास माणसाला याहून जास्त काय पाहिजे.

फेब्रुवारीत शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष येणार होते. पालकांना बोलावून सातवीचा तास दाखवायचा होता. नवा फळा, आपली मराठी. मी चहा घेऊन ऑफिसात गेलो तेव्हा मॅडम बाईंना सांगत होत्या, "बागवान मॅम, ये डी वाला ऑप्शन हटा दीजिए. पेरेंट्स के सामने बच्चे 'समझ नहीं आया' दिखाएँगे? और अध्यक्ष जी? वो तो पहले से कह रहे हैं कि रिपोर्ट में ये क्या है."

बाई म्हणाल्या, "एकदा त्यांना बघू दे, मॅडम. आधी मुलं डी दाखवतील. मग मी दहा मिनिटं शिकवीन. मग तोच प्रश्न परत विचारीन. डी खाली येईल आणि बरोबरची पट्टी वर जाईल. ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं ना, की नाही म्हणणार नाहीत. बघूनही नाही म्हणाले तर मी स्वतः काढून टाकते."

मॅडम म्हणाल्या, "देख लीजिए. आपका कॉन्ट्रॅक्ट भी मार्च तक है."

हे सगळं मी ऐकलं. दोघींचंही ऐकलं. पण माणसाला भीती पटकन समजते, भरवसा समजायला वेळ लागतो. मी ट्रे घेऊन बाहेर आलो तेव्हा माझ्या डोक्यात एकच, डी दिसलं की बाई गेल्या.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "बबनराव, मला एक शब्द द्या. तुमच्या गावाकडचा. ह्या पोरांनी नक्की न ऐकलेला."

मी म्हणालो, "चुंबळ."

माझी आई विहिरीवरून पाणी आणायची. डोक्यावर घागर, घागरीखाली कापडाचं गोल वेटोळं. ती चुंबळ. रात्री ती आम्ही उशीसारखी घ्यायचो, ओलीच असायची.

बाई खूश झाल्या. "चुंबळ! वा. एकालाही येणार नाही." आणि प्रश्न बनवला. ए, पाण्याचा मोठा हंडा. बी, घागरीखाली डोक्यावर ठेवायचं कापडाचं वेटोळं. सी, विहिरीची पायरी. डी, मला कळलं नाही.

त्या दिवशी सकाळी बाई अध्यक्षांना घ्यायला गेटवर गेल्या. वर्गात पोरं आणि मी. पालक अजून चहावर. मी दार लावलं आणि म्हणालो, "पोरांनो, आज डी दाखवायचं नाही. डी दाखवलंत तर बाईंची नोकरी जाईल. चुंबळ आली की बी. सगळ्यांनी बी. लक्षात राहील?"

तीस तोंडं एकदम गंभीर. रिद्धीने विचारलं, "अंकल, पर चुंबळ होता क्या है?"

मी म्हणालो, "ते नंतर. आत्ता बी."

एक मिनिट पण लागलं नाही.

मग सगळे आले. पालक भिंतीला लागून, अध्यक्ष पुढच्या खुर्चीत. भले गृहस्थ, पांढरे केस, मोठा आवाज, मराठीसाठी खरंच धडपडणारे. बाईंनी फळ्यावर शब्द आणला, मोठ्याने वाचला, चारी उत्तरं वाचली. पालकांत कुजबुज सुरू झाली. ते सदाशिव पेठवाले एकमेकांना विचारत होते, चुंबळ काय असतं यार. बाईंनी हात पाठीमागे घेतला. मला अंगठा दिसला. एक, दोन, तीन. त्यांच्या चेहऱ्यावर तो मॅच बघतानाचा आनंद.

मोबाईल फिरला. फळ्यावरचा प्रश्न, उत्तरं सगळं गेलं आणि एकच पट्टी उभी राहिली. बी, तीस. हिरवीगार, छताला भिडलेली.

काय टाळ्या! पालक तर उभेच राहिले. सगळ्यात जोरात टाळ्या कोणाच्या? माझ्या. मला वाटलं वाचवलं मी बाईंना. मी हसत त्यांच्याकडे बघितलं. बाई मोबाईलकडे बघत होत्या. पाठीमागचा हात अजून पाठीमागेच होता, पण अंगठा थांबला होता.

अध्यक्ष उठले. त्यांना खरंच भरून आलं होतं. "अरे वा! मला वाटलं दिल्लीतली मुलं, हे शब्द संपले. इथे तीसच्या तीस!" आणि ते प्रेमाने रिद्धीजवळ गेले. "बाळ, सांग बरं सगळ्यांना, चुंबळ म्हणजे काय?"

रिद्धी उभी राहिली. कधी न बोलणारी ती मुलगी, शंभर डोळे तिच्यावर. तिने बाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग अगदी स्पष्ट आवाजात म्हणाली, "सर, बी."

आधी कोणीतरी हसलं. मग सगळे. मग हळूहळू हसणं बंद झालं, ते जास्त वाईट होतं.

अध्यक्षांनी आणखी दोघांना विचारलं. दोघं खाली मान घालून उभे. ते बाईंकडे वळले. आवाज मोठा नव्हता. "बाई, पाठ करून घेतलंत?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. त्यांना कळलं. मला वाटलं आता माझं नाव घेतील. घ्यावं असंही वाटलं, घेऊ नये असंही वाटलं, आणि मी, बोलायच्या बाबतीत ज्याचा हात कोणी धरू शकत नाही तो मी, कमरेच्या चाव्या मुठीत दाबून उभा राहिलो.

बाई म्हणाल्या, "माझ्या वर्गात झालं. माझी चूक."

बस. मग वंदे मातरम् झालं, समोसे झाले.

दुपारी मी मॅडमच्या ऑफिसात गेलो. म्हणालो, "मॅडम, वो मैंने बताया था बच्चों को. बाई का कुछ नहीं."

मॅडमनी कागदावरून मान वर केली आणि हसल्या. "बबन, हर बात में मज़ाक मत किया करो. जाओ." मी म्हटलं, सच में मॅडम. त्या म्हणाल्या, "तुम्हें तो सवाल पढ़ना भी नहीं आता." चाळीस वर्षं जोक मारून लपवलेली गोष्ट त्यांना आधीपासून ठाऊक होती, आणि पहिल्यांदा खरं बोललो तर तो जोक झाला. मी अध्यक्षांच्या ड्रायव्हरकडे निरोप दिला. तो पण हसला.

आठ दिवस बाई माझ्याशी कामापुरतं बोलल्या. चाव्या द्या. फळा पुसा. चहा नको. नवव्या दिवशी मी न सांगता चहा ठेवला आणि उभा राहिलो.

"बाई, मला शिव्या द्या."

"शिव्या देऊन काय होईल?" त्या म्हणाल्या. चष्मा शोधत होत्या, तो डोक्यावर होता. मी सांगितलं नाही, हिंमत नव्हती. "मला एक सांगा. पोरांना तुम्ही सांगितलंत, त्याला किती वेळ लागला?"

"एक मिनिट असेल."

"मला सहा महिने लागले होते," बाई म्हणाल्या. मग चहा उचलला. "तुमच्यावर राग आहे माझा, बबनराव. तो राहणार थोडे दिवस. पण तुम्ही माझ्यासाठी घाबरलात ते मला कळलं. पोरं पण माझ्यासाठीच खोटं बोलली. म्हणून तर जास्त लागलं."

मी म्हणालो, "मी ऑफिसात सांगितलं, कोणी ऐकलं नाही."

"माहितीये. मॅडम मला सांगत होत्या, बबन बिचारा तुमच्यासाठी स्वतःवर घेतोय, किती चांगला आहे." आणि बाईंना हसू फुटलं. इतकं की चहा सांडला. मी पण हसलो, पण माझं हसू मध्येच कुठेतरी अडकलं.

डी गेलं. बाईंनी शब्द दिला होता, स्वतःच्या हाताने काढलं. ऑफिसातून लेखी आलं, तीनच उत्तरं ठेवायची. मार्चनंतर बाईंना कळवण्यात येईल असंही आलं. कळवण्यात येईल म्हणजे काय ते आमच्यासारख्यांना चांगलं कळतं, ते वाचायला चौथी पास लागत नाही. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, मिरजेला बहीण एकटी आहे, तिकडे जाऊ. जसं काही बस चुकली तर पायी जाऊ म्हणावं तसं.

त्यांचा शेवटचा तास सोमवारी होता. मॅडमनी मला पाठवलं, बाईंना म्हणावं तास संपल्यावर सामानाच्या यादीवर सही करून जा. मी दाराशी गेलो. आत जाणार होतो, पण काचेतून बघितलं आणि थांबलो.

फळ्यावर एक कवितेची ओळ होती, खाली तीन उत्तरं. ए, बी, सी. बाईंनी वाचून दाखवली असणार, कारण हात पाठीमागे होता आणि अंगठा चालू होता. पोरांनी कार्डं वर केली. पुढच्या बाकांवर ठिपक्यांची चित्रं. आणि मागे रिद्धीने कार्ड उलटं धरलं होतं. उलटं म्हणजे पाठ पुढे. कोरा पुठ्ठा.

बाईंनी मोबाईल फिरवला. थांबल्या. परत फिरवला. फळ्यावर पट्ट्या आल्या, पण बेरीज तीस होत नव्हती. रिद्धीच्या शेजारच्या बाकावरच्याने तिच्याकडे बघितलं आणि आपलं कार्ड उलटं केलं. मग तिसऱ्या बाकावरच्या दोघींनी. कोणी कोणाला काही बोललं नाही. मी मोजायला लागलो, आणि मोजणं मला येतं. अकरा. बारा. तेरा कोरे पुठ्ठे, हात ताठ करून वर धरलेले, आणि मागचा एक पोरगा दोन्ही हातांनी धरून होता.

बाईंनी मोबाईल चष्म्याच्या घरात ठेवला. फळ्याकडे पाठ केली आणि बाकांमधून मागे चालत गेल्या. त्यांचे ते स्पोर्ट्सचे बूट, पदर कमरेला घट्ट खोचलेला. रिद्धीच्या बाकावर तिच्या शेजारी, जिथे एरवी मी बसायचो, तिथे बसल्या. काचेतून आवाज येत नव्हता. पण ओठ हलले ते मला वाचता आले, पहिलं एक शब्दाचं, आणि नंतरचा तो प्रश्न. रिद्धीने पुस्तकात एका ओळीवर बोट ठेवलं. बाई वाकल्या.

मी सहीसाठी आत गेलो नाही. ऑफिसात जाऊन म्हणालो, मॅडम, बाई कामात आहेत.